शिडीवरून ऐकलेला धडा

चौथीत शाळा सोडली तेव्हापासून मास्तर लोकांचा मला तिटकारा. तरी कॉलेजात शिकलोय मी, शिडीवर बसून! हसू नका.

गिंडीतल्या आमच्या दुकानातून एका कॉलेजच्या वर्गातला पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. खाली तमिळच्या बाई गोष्ट सांगत होत्या. नवरा समुद्रावर गेलेला, बायको किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक होडीतली तोंडं बघतेय. पंखा पाच मिनिटांत झाला. पण झाला म्हटलं की निघावं लागणार, म्हणून उगाच स्क्रू पिळत बसलो. त्या उकाड्यातही अंगाला खारा वारा लागत होता.

घामानं निथळणारी एक पोरगी मला आजोबा ठरवून ओरडली, "ताता, झाला का पंखा?"

"नाही. बाई, तिचा नवरा येतो का?"

बाई म्हणाल्या, "ते उद्या."

मी शिडी उतरलो. "मग पंखाही उद्याच."