तीन बोटं आणि बंद दार

—नाही मास्तर, आज नाही मिळणार. तुमचा शब्दकोश शिवायलाच घेतलाय, दिसतोय ना? बसा हवं तर. आणि हाताकडे बघायचं तर सरळ बघा, चोरून कशाला? कटिंग मशीनने नेली तीन बोटं, एकतीस वर्षं झाली. अरेरे म्हणू नका, माझ्या बाइंडिंगच्या दुकानात तो शब्द चालत नाही. नवरा आधीच गेलेला, छापखान्याचे गठ्ठे दारात — रडून काय बोटं उगवणार होती? पंधराव्या दिवशी या टेबलाशी उभी होते, दाभण डाव्या हातात. वाचायलासुद्धा अशीच शिकले. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक कागद, तो दुमडताना आकडे जुळवावे लागतात. आकड्यांवरून अक्षरांवर आले. शाळा पाहिली नाही, पण तुमच्या या कोशातल्या चुका काढून दाखवीन.

हळू का बोलतेय? आत मुलगी आहे. सकाळी आली, बॅग घेऊन. जावयाने दुसरं घर थाटलंय म्हणे. आली ती त्या गठ्ठ्यावर बसली आणि लागली रडायला. छापलेले कागद ते! मी म्हटलं, ऊठ, कागद भिजतील. हो, पहिलं वाक्य हेच. पाणीसुद्धा विचारलं नाही. वर म्हटलं, माझी बोटं गेली तेव्हा मला रडताना कोणी ऐकलं होतं?

तर म्हणाली, "मी ऐकलं होतं, आई. रोज ऐकत होते." आणि आत जाऊन कडी लावली.

नऊ वर्षांची होती हो. तुम्ही परके, म्हणून सांगते — त्या पंधराव्या दिवशी मी नुसती उभी होते. फर्मे ती दुमडत होती, शाळा बुडवून, चार महिने. घडी नखाने दाबायची, नखं झिजली पोरीची. माझी बटणं ती लावायची, घास ती भरवायची. आणि मी? एकतीस वर्षं येईल त्याला सांगतेय, एकटीने उभं केलं, एकटीने. ती इथेच उभी राहून ऐकायची. एकदा, एकदासुद्धा मध्ये बोलली नाही.

थांबा — हे काय केलं मी? फर्मा उलटा शिवला. बघा, पानं डोक्यावर उभी. नवशिकीसुद्धा करायची नाही असं. उसवते, उसवते, तुम्ही नका हात लावू.

नाही, स्वतःची कीव करत बसू नये, हे मी अजूनही म्हणते. मरेपर्यंत म्हणेन. पण मी उठले ती तिच्या खांद्यावर हात टेकून. आज तिने कुणाच्या खांद्यावर टेकायचा? चाळीस वर्षांची बाई, आईच्या दारात आली, आणि आईला कागदाची काळजी.

काय? आत जाऊन हेच तिला सांगू? मास्तर, तिच्याशी बोलता येत असतं तर तुमच्यापाशी कशाला तोंड वाजवत बसले असते? दोनदा गेले दारापर्यंत. दोन्ही वेळा तोंडात एकच आलं — ऊठ. गिळलं आणि परत फिरले. दुसरा शब्दच कधी—

श्श. कडी काढली. बॅग सरकवतेय ती. निघालीच की काय?

तुम्ही जा. उद्या नाही, परवा या. शटर ओढून घ्या जाताना. जा म्हटलं ना —

अगं, जाऊ नकोस.