जामीनदाराचा रकाना

मंडळी, ऐका! मृदंगवाले, जरा दम घ्या, आता बोलायची पाळी माझी. एक प्रश्न विचारतो. जो माणूस आज ना उद्या 'हो' म्हणणारच आहे, त्याचं 'हो' आपणच लिहून टाकलं, तर बिघडलं कुठं?

काय आप्पा, मान कशी हलवताय? बिघडलं की नाही बिघडलं? दोन्हीकडं हलतेय! असू द्या. गोष्ट ऐका.

चोपड्याला हर्षाली नावाची मुलगी. एकोणीस वर्षांची. वडील ती चौथीत असतानाच गेले. आई लीलाबाई, विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. लीला माझी चुलत बहीण, म्हणजे मी त्या पोरीचा मामा!

बारावी झाली आणि हर्षाली चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिथं तिला गोडी लागली. गिऱ्हाईक यायचं, तक्त्यावरची खालची ओळ अंदाजानं ठोकून द्यायचं. ही पकडायची! "काका, ती ओळ तुम्ही पाठ केलीत!" दोन वर्षांत तिनं ठरवलं — डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घ्यायचं. नाशिकच्या कॉलेजात नंबरही लागला. फी मोठी, मुदत पंधरा दिवसांची! एक खाजगी फायनान्स कंपनी कर्ज द्यायला तयार — नाव नको, देवळात बसलोय! — पण अर्जावर एक रकाना होता. जामीनदार. पोरीनं नाही फेडलं तर मी फेडीन, असं लिहून देणारा कमावता माणूस.

निघाली पोरगी माणूस शोधायला. सुरतेच्या काकांना फोन केला. काका म्हणाले, "करू की गं! दिवाळीत आलो की बसून बोलू." दिवाळी चार महिन्यांवर! मग आली माझ्याकडं. मला पेन्शन आहे, सहीला वजन आहे. मी काय केलं? खुर्ची दिली, चहा दिला, लाडू दिला. आणि म्हणालो, "बाळ, या मायेच्या कागदांत मी पडत नाही. देव तुझ्या पाठीशी आहे."

हसा, हसा! स्वतःची पाठ वाचवायला देवाला पुढं करायचं — ही कला आम्हा कीर्तनकारांना फार चांगली जमते! पोरगी "बरं मामा" म्हणाली. लाडू बशीत तसाच ठेवून गेली.

मग भेटला एक एजंट. गोड माणूस! म्हणाला, "ताई, काकांच्या आधारकार्डाची झेरॉक्स आहे ना घरात? पगाराचा कागद?"

"आहे. घर आईच्या नावावर करायच्या वेळी काकांनी पाठवलेला."

"मग अडलं काय? सही तूच मार! काका दिवाळीत हो म्हणणारच आहेत. तू फक्त दिवाळी जरा लवकर आण!"

ऐकलंत? आपला प्रश्न आला!

हर्षाली घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काकांची सही गिरवायला बसली. पहिली वाकडी. पाचवी बरी. विसावी — काकांनाही खोटी म्हणून ओळखता येऊ नये अशी! आई मागं उभी, हाताला कणीक. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काकांची तर हुबेहूब आली. आता तुझी करून दाखव."

पोरीनं पेन टेकवलं, तर स्वतःचं नाव धड उमटेना! रडली. कॅलेंडर फाडलं. दुसऱ्या दिवशी एकटी जळगावला, कंपनीच्या ऑफिसात.

तिथं नेवे मॅडम. "जामीनदार?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"माणसं आहेत, मॅडम. सही करणारं कुणी नाही."

मॅडम हसल्या. "जामिनाशिवायही कर्ज देतो आम्ही. पण मग तुझाच भरवसा बघतो. पगार बँकेत येतो?"

"नाही, हातात रोख."

"कधी काही हप्त्यानं घेऊन फेडलंयस?"

"नाही."

"मग आज माझंही उत्तर 'नाही'च. पगार खात्यावर घे. तुझ्या नावावर एखादी लहान, उपयोगाची वस्तू हप्त्यानं घे. एकही तारीख चुकवू नकोस. वर्षानं ये."

मंडळी, खरं बोलली आणि तिची कॉलेजातली जागा गेली! इथं देवानं प्रकट व्हायला हवं होतं ना? नाही झाला. एसटी झाली, तीही उशिरा!

पण पोरीनं मॅडमचं ऐकलं. मालकाला सांगून पगार बँकेत घेतला. आईसाठी कणीक मळायचं मशीन घेतलं, हप्ता दर पाच तारखेला. आठव्या महिन्यात मालकाचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे दुकान बंद! मग ही पहाटे उठून आईबरोबर पोळ्या लाटायला. हप्ता चार तारखेलाच भरला.

हे मला कळलं आणि ताटावरून उठलो. पेन खिशात घालून गेलो. "हर्षाली, आण तो कागद. करतो सही."

तिनं पाणी दिलं. "मामा, राग नाही हं. पण आता अर्धी वाट आले. उरलेली चालून बघते."

वर्ष झालं. कॉलेजात पुन्हा नंबर लागला. मॅडमनी बँकेचा कागद ओळीनं पाहिला, मागितले त्याच्या पाऊणपट पैसे दिले. व्याज थोडं जास्त. हर्षालीनं अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचला, चार शंका विचारल्या. उरलेल्या पैशांसाठी नाशिकला रविवारची नोकरी धरली. आणि खाली सही केली — एकटीची. नाव एका दमात उमटलं!

यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा गावात डोळ्यांचं शिबिर होतं. मला स्टुलावर बसवलं, काचा बदलल्या, ओळी वाचून घेतल्या आणि म्हणाली, "मामा, लांबचं तुम्हाला छान दिसतं. जवळचं दिसत नाही."

अहो, ती नंबराचंच बोलत होती! पण मी मान खाली घालून बसलो.

आता तुमचं बघू. तुमच्या गल्लीत आज एखादं पोर अर्ज घेऊन बसलं असेल. झेपत असेल तर सही करा. झेपत नसेल तर तोंडावर 'नाही' म्हणा, आणि जमलं तर त्याच्याबरोबर जळगावपर्यंत जाऊन या. पण निसटायला देवाचं नाव घेऊ नका! ते घ्यायचंच, तर आत्ता घ्या. टाळ उचला, आणि मोठ्यानं!