एका खोलीतले दोन बिनवायरचे माउस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय दादासाहेब खातू, प्राचार्या वेदिका पावसकर मॅडम, दुबईहून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले आणि त्यातला एक अख्खा दिवस आपल्याला देणारे माजी विद्यार्थी श्री. अक्रम फणसोपकर, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती रहिमा मुकादम मॅडम, त्यांच्या घरची मंडळी, शिक्षकवृंद, शिक्षकेतर बंधुभगिनी, आणि भाषणं आटोपली की चहा आणायचा म्हणून दाराशी ताटकळत उभा असलेला आमचा शिपाई बाबल्या,

तुम्हा सर्वांना मुख्य लिपिक गुरुप्रसाद नागवेकर याचा नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत. विषयही दिला आहे, ‘मुकादम मॅडम आणि कार्यालयाचं संगणकीकरण’. कार्यालयाच्या माणसाला विषय दिला की तो फाइलबाहेर जात नाही, म्हणून मीही जाणार नाही. संगणकीकरण म्हणजे आमच्याकडे काय होतं? दोन संगणक, एक प्रिंटर आणि माउस. त्यातल्या माउसबद्दलच बोलतो, कारण आमच्या कार्यालयात सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरून झाले.

२००४ च्या जानेवारीत अक्रमशेठनी संस्थेला बिनवायरचे दोन माउस भेट दिले. एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, जुळ्या भावांसारखे. रत्नागिरीत तोवर कुणी तसले पाहिले नव्हते, निदान आमच्या आळीत तरी नाहीच. याच सभागृहात नारळ फुटला, दोन्ही खोक्यांना हार घातले, फोटो काढला. फोटोत दादासाहेब माउस हवेत धरून उभे आहेत, वायर नाही हे लोकांना दिसावं म्हणून. अक्रमशेठ, तुमचे उपकार आहेतच. पुढे जे घडलं त्यात तुमचा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर बिनवायरच्या माउसचे फायदे काय? टेबल मोकळं दिसतं. चहाचा कप वायरीत अडकून कुणाच्या दाखल्यावर सांडत नाही. बाबल्याला झाडू मारता येतो. पाहुणे आले की जरा ऐट करता येते. तोटे म्हणाल तर सेल. सेल संपले की माउस मेला. मग आम्ही ते खिडकीत उन्हाला ठेवायचो, बाबल्याच्या आमसुलांशेजारी, आणि दोन दिवसांनी आमसुलं बरी वाळलेली असायची. लोडशेडिंगमध्ये तर मौजच. संगणक बंद, पंखा बंद, माउस तेवढा चालू. हलवा किती हलवायचा तो!

आता वायरच्या माउसकडे येऊ. त्याचे तोटे मी तेव्हा स्टाफ मीटिंगमध्ये तावातावाने मांडले होते. त्याच्या गोळीत धूळ जाते, नखाने खरवडावी लागते. वायर आखूड असते. एकदा तर खऱ्या उंदराने ती कुरतडली. फायदा एकच, आणि तो मांडला मुकादम मॅडमनी. त्या म्हणाल्या, “प्रसाद, वायर असली की धरून मागे जाता येतं रे. टोकाला कोण बसलाय ते दिसतं.” आम्ही सगळे हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मॅडमना सव्वीस वर्षांची नोकरी झालेली, जनरल रजिस्टर तोंडपाठ, आणि नव्या वस्तूला भितात, असं मी मागे बसलेल्या दोघातिघांना सांगितलंही. ते दोघेतिघे आज इथे आहेत, त्यांना आठवत असेल.

दोन्ही माउस एकाच खोलीत आले. एक माझ्या टेबलावर, एक मॅडमच्या. आमच्या पाठीला पाठ. आणि मग चमत्कार सुरू झाले. मॅडमचा बाण आपोआप चालायचा. माझा मधूनच कोपऱ्यात जाऊन बसायचा. बाबल्याने दोन दिवस पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “सायेब, ह्या डब्यात कायतरी हाय. गाऱ्हानं घालूया.” पदवीधर माणूस मी, त्याच्यावर खेकसलो. आणि तिसऱ्या दिवशी नारळ मीच आणून दिला. बाबल्या, खरं की नाही? बघा, मान डोलावतोय. कुणालाही, मलासुद्धा, एवढं सुचलं नाही की दोन जुळे माउस एका खोलीत एकमेकांचं ऐकत असतील.

त्या वर्षी जूनअखेरीला अकरावी विज्ञानची पहिली गुणवत्ता यादी लागायची होती. ती मॅडम करत होत्या. दुपारी दीडला त्या डबा खायला आतल्या खोलीत गेल्या. यादी पडद्यावर उघडी होती. मीही डबा खात होतो, पण टेबलावरच, डाव्या हाताने. उजव्या हाताने काय करत होतो? अध्यक्षमहाराज, संगणकावर पत्ते खेळत होतो. आयुष्यात इतका चांगला डाव कधी लागला नव्हता. काळी राणी उचलली, लाल राजावर ठेवली. लाल दश्शी उचलली, काळ्या गुलामावर ठेवली. माझ्या पाठीमागे, मॅडमच्या पडद्यावर, त्याच वेळी एका पोराचे गुण उचलले जाऊन दुसऱ्या पोरासमोर पडत होते. ‘खरंच बदलू का?’ अशी पाटी आली असेल, तर माझ्याच पुढच्या टिचकीने तिला होकारही दिला असेल. डाव मी जिंकलो.

मॅडम आल्या, यादी छापली, सह्या झाल्या, फळ्यावर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फाटकाशी जत्रा. चौदा मुलांचे गुण इकडचे तिकडे झाले होते. मिरकरवाड्याच्या मुसाभाईंची मनाल, नव्वद टक्क्यांची पोरगी, यादीत नव्हतीच. मुसाभाई मॅडमच्याच मोहल्ल्यातले. ते ओरडले नाहीत. टेबलासमोर उभे राहून एवढंच म्हणाले, “रहिमा, आपल्याच पोरीचं नाव खाल्लंस?” यादी दोन दिवसांत सुधारली, मनालला प्रवेश मिळाला, आज ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचं ठीक झालं, एक माणूस सोडून.

चौथ्या दिवशी दुपारी दादासाहेबांच्या केबिनमध्ये चौकशी होती. मॅडम आत होत्या. नेमका त्याच वेळी प्रिंटर बघायला चिपळूणहून रामा आला होता, आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला. त्याने सहज माझा माउस सरकवला आणि पाठीमागे मॅडमचा बाण चालायला लागला. रामा पोट धरून हसला. म्हणाला, “नागवेकर, दोन्ही एकाच चॅनेलवर आहेत हो! तुम्ही इथे टिचकी मारली की तिथे पण वाजणार.” ती काळी राणी डोळ्यांसमोर आली.

केबिनचं दार माझ्या टेबलापासून आठ पावलांवर आहे. आतून मॅडमचा आवाज येत होता, “साहेब, मी यादी दोनदा तपासली होती. डब्याच्या आधी ती बरोबर होती.” मला उठून दारावर टकटक करायची होती, बस्. मी काय केलं असेल? मी रामाला म्हणालो, “माझ्यासाठी वायरचा बसव.” आणि त्याला चहा पाजला.

चौकशीत ‘निष्काळजीपणा’ ठरला. मॅडमना लेखी ठपका आला. मुख्य लिपिकाची जागा तेव्हा रिकामी होणार होती, सेवाज्येष्ठतेने ती मॅडमची होती. ती मला मिळाली. मॅडम गेल्या मागच्या अभिलेख खोलीत, जुन्या रजिस्टरांत. माझा सत्कार इथेच झाला, गुच्छ मॅडमनीच दिला, आणि मी त्या दिवशी ‘कार्यालयीन जबाबदारी’ या विषयावर पंचवीस मिनिटं बोललो. काहींनी त्याची तारीफ केली होती. मला आजही ते शब्द आठवले की कानशिलं तापतात.

नाही, दादासाहेब, चिठ्ठी नका पाठवू. पाच मिनिटं संपली हे मला माहीत आहे.

एकदा, फक्त एकदा, मॅडम माझ्या टेबलाशी थांबल्या होत्या. माउसकडे बघून म्हणाल्या, “वायरचा घेतलास? का रे?” मी म्हणालो, “सेल फार खातो तो.” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि “बरं” म्हणाल्या. त्यांना तेव्हाच कळलं होतं की काय, मला ठाऊक नाही. चार वर्षं मी त्यांना विचारलं नाही. ईदचा शिरखुर्मा मात्र दरवर्षी माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो खायचो. मॅडम, तो घशाखाली उतरायचा, हे सांगायलाही लाज वाटते.

आता हे आज का सांगतोय? पश्चात्ताप झाला म्हणून, असं म्हणालो तर छान दिसेल, पण ते खरं नाही. खरं असं की आज मॅडमच्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्यांचं सेवापुस्तक सोमवारी निवृत्तीच्या कागदांबरोबर पुढे जायचं आहे. ते गेलं की ते पान कायमचं मिटलं. आणि जाण्याआधी ‘सर्व नोंदी पडताळल्या, खऱ्या आहेत’ या वाक्याखाली मुख्य लिपिकाने सही करायची असते. म्हणजे मी. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच दिवस ते पुस्तक माझ्यासमोर आहे. मी ठपक्याच्या पानाशी येतो आणि पेन खाली ठेवतो. खोटं गप्प बसून चालवता आलं, त्याच्यावर सही मात्र करवत नाही. माझ्यासारख्या कारकुनाची अक्कल इतपतच.

काल मॅडम ते पुस्तक न्यायला आल्या. पान उघडंच होतं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, “प्रसाद, सही करून टाक. मला याच नावाने घरी जायची सवय झाली आता.” मला रात्रभर बरं वाटावं असं त्या बोलल्या, आणि मला बरं वाटलं नाही.

अध्यक्षमहाराज, हा कागद. दोन पानी आहे, माझ्या हस्ताक्षरात आहे, आजची तारीख आहे, ३१ मे २००८. रामाचीही सही आहे, त्यासाठी आज पहाटेच्या गाडीने चिपळूणला जाऊन आलो. तुम्ही आज, उठण्याआधी, त्या ठपक्याखाली ‘रद्द’ असं लिहावं एवढी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती सोमवारी करा, मी साडेदहाला टेबलावर असेन. मुसाभाई, तुम्ही मागच्या रांगेत आहात. चार वर्षांपूर्वी तुम्ही चुकीच्या टेबलासमोर उभे राहिलात. माझं टेबल पाठीमागे होतं.

मॅडम, अहो, उभ्या राहू नका. आज तुम्ही बसायचं आणि आम्ही उभं राहायचं. अक्रमशेठ, त्यांना पाणी द्या जरा.

सत्कारमूर्ती म्हणून तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे राहिलेच. ते बोलायचा अधिकार इतरांचा आहे, ते बोलतील. मला बोलायची संधी दिली म्हणून संयोजकांचे आभार, इतका वेळ ऐकून घेतलं म्हणून तुमचे आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदर पसरून क्षमा मागतो. आणि ती चूक या खेपेला कृपा करून माझ्याच नावावर लिहा.