मीटरखालचा सांधा

— पोलावरनंच बिघाड हाय म्हणा की, संदेशराव. घरात एवढंच सांगा. वायरमन तुमी, तुमच्या शब्दाला कोण न्हाय म्हणतंय? — व्हय, दिसतंय मला, सांधा जळून काळा पडलाय. कुणी बांधला? कोण बांधणार, मीच. पोराच्या, दिग्विजयच्या लग्नात मांडवाच्या दिव्याच्या माळा हितनंच, मीटरखालनं जोडल्या हुत्या. मंडपवाला म्हणला, वायरमन बोलवा. मी म्हणलं, विहिरीवरची मोटर वीस वर्सं बांधतोय, मला काय शिकवतो. मांडव उतरला तवा माळा सोडून तार नुसती परत पिळली, वरनं खताच्या पिशवीचा कागद गुंडाळला. झालं. दुसऱ्याच दिवशी दिवे लपलप कराय लागले — मिक्सर लावला की सगळं घर मिटमिट, मधीच बल्ब डोळ्यात घुसंल असा पेटायचा. बल्ब बदलले, होल्डर बदललं, शेजारच्या गेणूच्या मोटरीला शिव्या घातल्या. हितं तेवढं बघितलं न्हाय. आपल्या हातचं काम कोण तपासतंय?

आन् सत्यनारायणाला, भरल्या घरात, मी बोललो. सुनंच्या, उत्कर्षाच्या म्हायेरची माणसं पंगतीत बसली हुती. म्हणलं, पोरीचा पायगुण बघा, आली आन् घरातला उजेड गेला. चेष्टेत हां — हसत म्हणलं. पण दुसरं हसलं कोण? कुणीच न्हाय. तिच्या बापानं हातातला घास ताटात ठिवला. तवापासनं उत्कर्षा बटणाला हात लावत न्हाय. कौसल्या — आमची मंडळी — गोठ्यात असली तर पोरगी अंधारात भाकरी थापती, पण दिवा लावत न्हाय. चार महिनं झालं. मी बघतोय आन् गप. का गप? खरं सांगू — मला वाटायचं, आसंल बी पायगुण. सोसायटीचा चेअरमन हुतो मी, लोकं ह्या सर्जेतात्याला विचारून सोयरिकी जमवत्यात, आन् माझ्या मनात ही घाण.

म्हणून म्हणतोय, पोलावरचं म्हणा. — असं बघू नका वो. लाज वाटती, संदेशराव. पोरीला तोंड कसं दावू?

ती कापलेली जळकी वायर द्या हिकडं. द्या म्हणतो. — उत्कर्षा, जरा भाईर ये, बाळ. हात पिठाचं असू दे, तशीच ये. — तुमी जावा आता. चहा उद्या घ्या. म्होरचं तुमच्या देखत बोलाय मला जमायचं न्हाय.