चालू इंजिनाचे ब्रेक

"हॅलो?… हॅलो! कोण?… हो, हो, कॉटन ग्रीन, वजनकाटा… ट्रंक कॉल? कुठून?… लोणावळा? द्या बाई, द्या… हॅलो! कोण, जावईबापू? अहो, मी कुशाबा बोलतोय!"

कुशाबा मिस्तरी फोनवर कायम ओरडायचा. लोणावळा लांब, म्हणजे आवाजही तेवढा मोठा हवा, असा त्याचा साधा हिशेब. त्याचे तेलकट हात बघून काट्यावरच्या कारकुनाने रिसीव्हरभोवती वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून दिला होता, तो केव्हाच खाली पडला होता. जयवंत म्हणजे त्याच्या शेवंतीचा नवरा, लग्नाला अजून वर्षही झालेलं नव्हतं. आता ट्रेलर जोडून अवजड माल ओढायचं काम मिळालं, म्हणून सासऱ्याने नुकतेच त्याच्या लॉरीला नवे ब्रेक बसवून दिले होते.

"हां, बोला… चढला बॉयलर? ट्रेलरवर नीट बसला ना?… साखळ्या ताणून बांधल्यात?… शाब्बास! हो, हो, काटा उघडा ठेवायला सांगतो… आणि ब्रेक? ब्रेक कसे वाटले?… काय म्हणता! नुसता पाय टेकला की थांबते?… अहो, मग! लायनर रुंद टाकलेत, आणि वर तो व्हॅक्युमचा डबा. तोच जोर लावतो, तुमचा पाय नुसता नावाला… नाही हो, कसलं कौतुक, घरचंच काम…"

कौतुक नको म्हणत कुशाबा ते कान देऊन ऐकत होता. कारकुनालाही ऐकू जावं म्हणून त्याने रिसीव्हर जरा कानापासून लांब धरला.

"मोठ्याने बोला, बाहेर मोर्चा चाललाय… 'झालाच पाहिजे', दुसरं काय… हो, उद्या हरताळ आहे. म्हणून तर म्हणतो, आजच या, उजेडात घाट उतरा, आणि… काय?… एवढ्या लवकर खोपोली? एवढा बोजा मागे घेऊन? कसं काय?… नेहमीसारखं म्हणजे?… इंजिन बंद करून?"

घाटात लॉऱ्या हाकणाऱ्यांची ही जुनीच खोड. खंडाळा सुटलं की चावी फिरवून इंजिन बंद करायचं, गिअर काढायचा आणि गाडी उतारावर सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं ते वाचतं, वर खोपोलीला चहा पिताना चारचौघांत मिशीवर ताव देता येतो. थेंबभर न जाळता जो उतरला तो उस्ताद, आणि जयवंत त्या उस्तादांतला पहिला, हे कुशाबाला चांगलं ठाऊक होतं.

"जावईबापू, ऐका… नाही, नाही, ऐका ना… तसं नका करू… अहो, जुन्या ब्रेकची गोष्ट वेगळी. तिथे सगळा जोर तुमच्या पायाचा. या डब्याला इंजिन लागतं… इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर डबा ब्रेक दाबतो. इंजिन बंद, की ओढ बंद… हो, डब्याच्या टाकीत थोडी ओढ उरते. दोनदा दाबाल, फार तर तीनदा. पुढे पेडल म्हणजे दगड… ट्रेलरचेसुद्धा, त्याच ओढीवर आहेत ते. मागून बॉयलर ढकलणार, आणि तुम्ही पेडलवर उभे राहिलात तरी… काय?… घाटातला शिंगरोबा आहे राखायला? आहे ना, देवाला नाही कोण म्हणतो? पैसा टाका, हात जोडा. पण शिंगरोबाने वाट दाखवली हो, ब्रेक तो नाही दाबायचा… उस्ताद आहात, मान्य… मान्य हो, किती वर्षं उतरताय…"

जावयाला शिकवणं कुशाबाच्या घराण्यात कोणाला जमलंच नव्हतं. जावयाला पाटावर बसवायचं, आग्रह करून वाढायचं, आणि त्याचं काही चुकलं तर आपण ताटाकडे बघायचं, एवढंच त्याने बापाकडून उचललेलं. इथे जीव टांगणीला लागला तरी त्याच्या तोंडचं 'अहो' सुटेना, आणि पलीकडे जयवंत चक्क हसत होता.

"हसू नका, जावईबापू… हसू नका म्हणतो ना… अरे, गप! गप बस आधी! माझ्या पोरीचं कुंकू पुसायला निघालास काय रे, मेल्या?"

कारकुनाने लिहिता लिहिता मान वर केली. पलीकडचं हसू बंद झालं. कुशाबाच्या तोंडातून गेलं ते गेलं, आता मागे फिरण्यात काही अर्थ नव्हता.

"हो, तुलाच बोलतोय… रागव, नंतर हवं तेवढं रागव. आता सांगतो ते कर. फोन खाली ठेव, तोडू नको. गाडी सपाटीवर आहे?… चाकांना दगड लाव. इंजिन चालू कर, मग बंद कर, आणि पेडल दाबून बघ. दाबतच राहा. जा… बाई? हो बाई, वेळ झाली ना? वाढवा. आणखी वाढवा. तोडू नका, पाया पडतो तुमच्या."

रिसीव्हर कानाशी गच्च दाबून तो उभा राहिला. लांबून, जयवंत थांबला होता त्या पेट्रोल पंपावरच्या माणसांचे आवाज आले, कोणाचा तरी हॉर्न वाजला, आणि मग ओळखीचं इंजिन सुरू झालं. हजार लॉऱ्यांतून त्याने ते ओळखलं असतं. ते बंद पडलं, आणि बराच वेळ काहीच ऐकू येईना. कुशाबाला स्वतःची भयंकर शरम वाटली. पोराच्या जिवासाठी म्हणून मन लावून केलेलं काम, आणि तेच त्याच्या जिवावर उठलं होतं. नव्या ब्रेकवर विसंबून जयवंतने दुप्पट बोजा ओढला असता, आणि ऐन वळणावर ते ब्रेक त्याला लागले नसते.

"हॅलो?… हां, बोल… दगड?… तिसऱ्याच दाबात?… हं… हं… नाही रे, तुझा काय दोष? मीच सांगायला हवं होतं, गाडी दिली त्याच दिवशी. अगदी ओठांवर आलं होतं. पण तात्या शेजारी उभे होते हार घेऊन. व्याह्यांच्या देखत त्यांच्या मुलाला सांगू, गाडी अशी चालव म्हणून? म्हटलं, बरं दिसणार नाही… गिळलं… हो, मोठा मान राखला मी तुमचा!… बरं, ऐक. खंडाळ्यापासूनच दुसरा गिअर. घाट संपेपर्यंत इंजिन चालू. मागचे हॉर्न मारतील, मारू दे. पेट्रोल जळेल, जळू दे… खोपोलीत हसतील? हसू दे रे झिला… काय? एकटा नाहीस?… कोण आहे गाडीत?… तात्या?"

कुशाबाने तेलकट हात शर्टाला पुसला आणि रिसीव्हर पुन्हा नीट धरला.

"कधी आले?… काय बघायला?… माझे ब्रेक बघायला?… दे. दे त्यांना फोन… हॅलो, तात्या? नमस्कार… हो, हो, घरी सगळी बरी आहेत… तात्या, मी तुमच्या मुलाला आत्ता अरेतुरे केलं. मेल्या म्हटलं… तिथपर्यंत ऐकू आलं?… नाही, माफी नाही मागत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन… काय?… तुम्हीही तेच म्हणाला असतात?… मग माझं एवढं ऐका. त्याला लागून बसा, आणि चावीवर हात ठेवा. खोपोली येईपर्यंत काढू नका… नाही हो, त्याला पटलंय. पण सवय आहे ना, उतार लागला की त्याचा हात आपसूक जाईल, त्याचं त्यालाही कळायचं नाही… म्हणूनच तुम्हाला सांगतो. बापाचा हात तो बाजूला नाही सारणार… तात्या?… ऐकलंत ना?… हॅलो? बाई, तोडलंत काय? हॅलो!"