फेजमधली अकरा बटणं

—एकटीच? म्हणजे अगदी एकटी? हात वर कर जरा, मुंढा मोजू दे. नाही गं नमिता, मी कशाला घाबरवू तुला, जा की! मोरोक्को म्हणालीस म्हणून विचारलं. फेजला जाणार ना? मग ऐक— सरळ उभी राहा— अख्ख्या दिंडोशीत फेज बघून आलेली शिंपीण एकच, ती तुझ्यासमोर उभी आहे. हसू नकोस, टेप हलते. मागच्या वर्षी फेब्रुवारीत दुकान पंधरा दिवस बंद होतं, आठवतं? तुझी आई दोनदा येऊन परत गेली. ते तेव्हाच. थांब हं, जिन्यावर कोणी आलं का बघते... नाही, वरच्या मजल्यावरचे. हे डेपोपर्यंत चालायला गेलेत, एवढ्यात नाही यायचे.

कशाला गेले? बटणासाठी. देवाशप्पथ! टॉवरमधली एक बाई तिकडचा झगा आखूड करायला घेऊन आली होती. गळ्यापासून पायापर्यंत रेशमी दोऱ्याची बटणं, मिरीच्या दाण्याएवढी, साठ तरी असतील. त्यातलं एक मी गुपचूप उसवलं, कसं केलंय बघायला— आणि मला ते परत बांधता येईना! तीस वर्षं मशीनवर बसतेय मी, कटोरी ब्लाऊज डोळे मिटून शिवते, आणि एवढंसं बटण येईना? डोक्यातच बसलं ते. आणि मी काय, लग्नाआधी गोरेगाव, लग्नानंतर दिंडोशी, फार तर मे महिन्यात कणकवली. म्हटलं, जायचं. माझी मैत्रीण रेवती, शाळेपासूनची, पार्ल्याला असते— ती येणार होती बरोबर. म्हणून तर हे हो म्हणाले. आणि निघायला आठ दिवस असताना तिच्या मुलीचे दिवस भरत आले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, रेवतीनं तिकीट रद्द केलं. मी ह्यांना सांगितलंच नाही. काय सांगायचं? सांगितलं असतं तर बॅग परत माळ्यावर गेली असती. विमानतळावर ह्यांना म्हटलं, रेवती आत गेली पुढे. बघ, किती सहज खोटं बोलता येतं माणसाला. वळ.

फेज म्हणजे काय सांगू— गल्ल्याच गल्ल्या, दोन माणसं समोरून आली तर एकानं भिंतीला चिकटायचं, मागून गाढव, गाढवावर कातड्यांचे गठ्ठे, आणि तो गाढववाला ओरडतो बालाक, बालाक, म्हणजे सरका. पहिले दोन दिवस मी नुसती घाबरून चालले. थांबलं की कोणीतरी मागे लागतं, मॅडम इकडे, मॅडम तिकडे. तिसऱ्या दिवशी एक माणूस सोडेचना, तो मागे, मी पुढे, भराभर चालत सुटले आणि शिरले ती गल्ली पुढे बंद! भिंत! तो मागे होता की गेला होता देव जाणे, मी वळून पाहिलंच नाही, तिथल्याच एका पायरीवर बसले आणि रडले. पन्नाशीची बाई. आणि तेवढ्यात शेजारचं दार उघडलं, एक बाई बाहेर आली, डोक्यावर फळी, फळीवर कच्च्या रोट्या— तिकडे मोहल्ल्याची एकच भट्टी असते ना, तिथे भाजायला न्यायच्या. तिनं मला बघितलं, फळी खाली ठेवली, दंडाला धरून आत नेलं. फातिहा तिचं नाव. आणि आत काय असावं? खिडकीशी चटई, रिळं, सुया, आणि वाटीभर तीच बटणं! अगं, रडणं विसरून मी त्या वाटीतच हात घातला.

भाषा? भाषा कसली! मी बोटांनी कात्री करून दाखवली, तिला कळलं, ही आपल्यातलीच. मग तिनं मला काज दाखवलं, मी तिला आपलं दाखवलं, बडीशेपेसारखं काहीतरी तोंडात टाकत हसलो दोघी. मग तिनं बोटातली अंगठी दाखवली— नवरा? असं. आणि मी... खांदा सैल सोड गं, ताठरतेस कशाला... मी मान हलवली. नाही म्हणून. का हलवली कोण जाणे. मंगळसूत्र इथे कपाटात ठेवून गेले होते, सोनं कशाला न्यायचं परदेशात— पण म्हणून नवराच नाही म्हणायचं? भांडण नाही, मारहाण नाही, साधा माणूस आहे गं, चहासुद्धा स्वतः करून घेतो. नुसतं वाटलं, एक दिवस नाही म्हणून बघू.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज. रेवतीचा. नाश्त्याला बसले होते, हॉटेलात वायफाय होतं. रामनाथना ॲटॅक आलाय, ॲडमिट केलंय, आत्ताच्या आत्ता फोन कर. शेजारच्या चंद्रप्रकाशनी नेलं होतं ह्यांना दवाखान्यात. मला फोन लागेना म्हणून तिला लावला, मी तिच्याबरोबर आहे समजून— आणि ती पार्ल्यात! म्हणजे मी एकटीच गेलेय हे ह्यांना तिथे खाटेवरच कळलं. मी मेसेज वाचला. पूर्ण वाचला. दोनदा. मग फोन उलटा ठेवला, चहा प्यायले, आणि फातिहाकडे गेले.

असं बघू नकोस माझ्याकडे. मला माहीत आहे. अकरा बटणं केली मी त्या दिवशी. पहिली चार गेली वाया, मग जमायला लागली, शेवटचं तर तिनं उजेडात धरून बघितलं आणि माझ्या गालाला हात लावला. मी काही विसरले नव्हते, प्रत्येक टाक्याला आठवत होतं— मेले असतील का, मेले असतील का. पण वाटत होतं, फोन केला की संपलं. मग मी परत जाणार, आणि पुन्हा कधी कुठे नाही जाणार. फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर स्टेंट बसला होता, हे मोसंबीचा रस पीत होते. रेवती म्हणाली, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या मला, काल सकाळीच. बस, एवढंच. तेव्हापासून ती घरी आली नाही. तिनं ह्यांना सांगितलं का? माहीत नाही. मी विचारलं नाही, ह्यांनीही कधी—

आलात? आज लवकर. अहो, ही नमिता. मोरोक्कोला चाललीय, एकटी... हो, तेच सांगत होते. सांगा, तुम्हीच सांगा तिला... ऐकलंस? असंच सांगतात सगळ्यांना, पाहुण्यांना, डॉक्टरांना— ही वाळवंटात अडकली होती, मैलोनमैल वाळू, फोनला रेंज कुठली. हो. वाळवंटात होते मी. बसा तुम्ही, धाप लागलीय, पंखा लावते. नमिता, झालं तुझं माप. नीघ आता.