माडग्याचा निरोप

आजच्या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, निमगाव केतकीचे माजी सरपंच आदरणीय रावजीआप्पा. त्यांच्या शेजारी घड्याळाकडे पाहत बसलेले आमचे आगार व्यवस्थापक साहेब. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती हिंदुराव. पहिल्या रांगेतल्या गोजरवहिनी. इंदापूर स्थानकाचे चालक, वाहक, यांत्रिक आणि हमाल बंधू. आणि मागच्या दाराशी उभं राहून पडद्याआडच्या बुंदीचा वास घेणारे तमाम रसिकजन, सर्वांना माझा नमस्कार.

मी वार्ताहर. संस्कृतात 'हर' म्हणजे नेणारा, आणि चोरणाराही. त्यामुळे माझ्या बोलण्यातलं काय आणलेलं आणि काय चोरलेलं, हे आपण चाणाक्ष श्रोत्यांनी ठरवावं. मला सांगितलं गेलंय की हिंदुरावांच्या सेवेबद्दल बोला. पण सेवेबद्दल आधीचे चार वक्ते बोलून गेले. कुणी त्यांना दीपस्तंभ म्हणालं, कुणी वटवृक्ष. आता समुद्रही नाही आणि पारंब्याही नाहीत, तर मी काय बोलू? तेव्हा मी हिंदुरावांच्या पोटाबद्दल बोलतो. हसू नका. परवानगी काढून बोलतोय.

वाहतूक नियंत्रक म्हणजे आपल्या भाषेत कंट्रोलर. या कंट्रोलरचा आवाज कुणी ऐकला नाही? "बारामतीकडे जाणारी गाडी, मार्गे निमगाव केतकी, फलाट क्रमांक दोन." भोंगा बंद पडला तरी प्रवाशांना कळायचं नाही, कारण भोंग्याची गरजच नव्हती. आवाजाला साजेसा देहही होता. त्यांच्या केबिनमध्ये लोखंडी खुर्ची होती; आधीच्या दोन लाकडी खुर्च्या हुतात्मा झाल्या होत्या. आमचा झुंबर हमाल तोंडावर म्हणायचा, "कंट्रोलर, तुमी गाडीतनं उतारला की गाडी ईतभर वर येती." हिंदुराव सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. उदर आणि उदार या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे, तो हिंदुरावांनी मिटवून टाकला होता.

पण घरी हसणं नव्हतं. झोपेत श्वास अडकायचा. गोजरवहिनी उशाशी बसून हलवून जागं करायच्या. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. थोरला मुलगा मल्हार मुंबईत नोकरीला, त्यानं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. मागच्या उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, हिंदुरावांची पोट लहान करायची शस्त्रक्रिया झाली. जठराचा मोठा भाग टाके घालून बाजूला टाकायचा आणि अन्नाला वाटीएवढीच जागा ठेवायची, असा तो प्रकार. आपल्याकडे तोवर कुणी ऐकलेला नव्हता. स्टँडवर लगेच नाव पडलं, 'कंट्रोलरच्या पोटाला कुलूप'.

तिथं शेजारच्या खाटेवर आणखी एक वजनदार माणूस होता. बोलता बोलता कळलं, की तो वरकुट्याचा, कळंबच्या शाळेत मास्तर, नाव बुद्धघोष. मुंबईच्या दवाखान्यात आपल्या तालुक्याचा माणूस भेटणं म्हणजे काय असतं, हे ज्याला भेटलाय त्यालाच ठाऊक. दोघांचं तोंड बंद, नुसतं पाणी चमच्यानं. आणि दोघं दिवसभर बोलायचे कशावर? खाण्यावर! हिंदुराव मटणाचा रस्सा सांगायचे. मास्तरांचं मात्र एकच, हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं. "माझ्या बायकूच्या, करुणाच्या हातचं माडगं म्हंजी, कंट्रोलर, औषध हाय औषध. पातळ हाय, आपल्याला चालतंय. सुटलो की पैलं माझ्या घरी यायचं." ठरलं.

दोघंही सुटले. पंधरवड्याच्या आत मास्तर वारले.

वार्ता कशी आली? वरकुट्याच्या गाडीनं आली. मास्तर पुतण्याच्या बारशाला पंगतीत बसले होते, त्याच संध्याकाळी कोसळले, पुण्याला पोचेपर्यंत संपले. स्टँडवर उतरेतो त्या वार्तेला पाय फुटले होते: मास्तरानं पंगतीत ताव मारला, पोट फुटून मेला.

त्या दिवसापासून हिंदुरावांनी घास घेतला नाही.

मी अतिशयोक्ती करत नाही. माझ्या पेशात ती करतात, तरी नाही. पेजेवरचं पाणी, ताकाची निवळ, एवढ्यावर हा माणूस दिवाळीपर्यंत आला. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. म्हणाले, टाके केव्हाच भरलेत. आता मऊ भात खा, वरण खा, बारीक चावून खा, पोट भरलं की थांबा, आणि दुखलं, ताप आला, उलटी थांबेना, तर लगेच सांगा. सगळं नीट सांगितलं. या माणसानं त्यातलं काय ऐकलं? पहिल्याच भेटीत कुणीतरी उच्चारलेले 'टाके सुटू शकतात' हे शब्द. बाकी सगळं भोंग्यातल्या खरखरीसारखं कानावरून गेलं.

गोजरवहिनी ताट करायच्या. हिंदुराव भात कालवायचे, कालवत राहायचे, आणि वहिनींची पाठ फिरली की कुत्र्याला घालायचे. ते कुत्रं तेवढं त्या घरात बाळसं धरत होतं. केस गळाले. गालफडं बसली. लोखंडी खुर्चीत ते आता कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखे दिसायचे. आणि एक दिवस फलाटावरची एक म्हातारी म्हणाली, "कंट्रोलर, जरा मोठ्यानं की वो, कुठली गाडी म्हनला?" त्या दिवशी त्यांनी भोंगा हातात घेतला आणि मान खाली घातली.

लोक काय म्हणायचे तेही सांगतो. कुणी म्हणालं कॅन्सर. कुणी तोंडाला रुमाल लावून एड्स म्हणालं. माणूस जाड असला तर त्याच्या खाण्याची चेष्टा, बारीक झाला तर त्याच्या चारित्र्याची. तुम्ही सगळे समोर बसलायत म्हणून तोंडावर बोलतो; नसता तर पाठीमागं बोललो असतो.

मी वहिनींना एकदा म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी जेवता ना?" त्या म्हणाल्या, "भावजी, त्ये असं पान्यावर. मी कुठल्या तोंडानं भाकर मोडू?" तेव्हा मला कळलं की त्या घरात एक नाही, दोन माणसं उपाशी मरताहेत.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मी केबिनमध्ये हिंदुरावांसमोर चहा पीत बसलो होतो. ते माझ्या चहाकडे बघत होते. बाहेर कट्ट्यावर झुंबर चार जणांना सांगत होता, "कंट्रोलर न्हाय जेवायचं आता. त्या वरकुट्याच्या मास्तरानं हादाडलं आन् मेला. ह्ये शाणं हायत, ह्ये उपाशी मरतील." चौघं हसले.

"कोन म्हनतं हादाडलं?"

आवाज बाईचा होता. झुंबरचं हसू तिथंच राहिलं. झुंबर, तू बसलायस तिथंच बस, तुला पुढं बोलवत नाही. पांढऱ्या साडीतली एक बाई कट्ट्यावरून सरळ केबिनच्या दारात आली. तहसिलीत काम होतं म्हणून वरकुट्याहून आली होती.

"दादा, मी करुणा. बुद्धघोष मास्तरांची बायकू. तुमच्या शेजारच्या खाटंवर हुते त्ये."

हिंदुराव टेबलाचा आधार घेऊन उठायला गेले.

"बसा. माझा मानूस खाऊन मेला न्हाय. बारशाच्या आदल्या दिशीपासनं ताप हुता, पोटात कळ हुती. मला म्हनले, कुनाला सांगू नगंस. लोक म्हनतील, पोट बांधून आला आन् मास्तरानं परत हानलं. पंगतीत बसले त्ये कुनी इचारू नये म्हनून. ताटाला बोट लावलं न्हाय, दादा. मी समोर वाढत हुते. घामानं सदरा भिजलेला, आन् हसत हुते."

मी चहाचा कप खाली ठेवला, आणि तो वाजला याचीही मला लाज वाटली.

"डाक्टर म्हनले, टाका आतून सुटला हुता. ताप आला त्याच दिशी आनला असता तर वाचला असता. खान्यानं न्हाय गेला त्यो. लाजंनं गेला. आन् तुमी त्येच्या नावावर उपाशी मरताय. म्हंजी त्येच्या नावावर आनखी एक मढं. त्ये मला नको."

मी आयुष्यभर संस्कृत घोकलं. सांत्वनाला त्या भाषेत शंभर शब्द असतील. त्या क्षणी मला एकही आठवला नाही, आणि ते बरंच झालं.

दारातून जाताना त्या वळल्या. "त्येंचा निरोप हुता तुमाला. कंट्रोलरला माडग्याला बोलवायचं. माझ्याकडनं द्यायचा ऱ्हायला."

मंडळी, निरोप या शब्दाचे मराठीत दोन अर्थ. एक आज आपण देतोय तो. दुसरा त्या बाईंनी दिला. आपल्या गाड्यांसारखाच, उशिरा आला.

पुढच्या रविवारी हिंदुराव, वहिनी आणि मी वरकुट्याला गेलो. भिंतीवर मास्तरांचा शस्त्रक्रियेआधीचा फोटो, चौकटीत न मावणारा. करुणाताईंनी वाटीत माडगं आणून ठेवलं, वर चमचा. आणि समोर बसल्या. घ्या म्हणाल्या नाहीत.

हिंदुराव वाटीकडे बघत राहिले. मग त्या आवाजात, जो एकेकाळी फलाटभर पुरायचा, पुटपुटले, "फुटलं तर?"

"डाक्टरनं सांगितलं न्हाय का, टाकं भरल्यात म्हनून?"

"सांगितलं."

"मग?"

"ऐकूच न्हाय आलं."

करुणाताई म्हणाल्या, "आता ऐका. मी हितंच बसलीया. दुखलं तर मला सांगायचं, जीप दारात उभी हाय. पन सांगायचं, दादा. झाकायचं न्हाय." आणि मग आपण प्रत्येक पंगतीत तोंडदेखलं म्हणतो ते त्या अगदी हळू म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."

एक चमचा तोंडात गेला. हिंदुरावांनी डोळे मिटले. पोटावर हात ठेवून ते वाट बघत राहिले. आम्हीही. काही फुटलं नाही. बाहेर कोंबडी ओरडली तेवढीच. दुसरा चमचा घेतला, आणि मग हा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. करुणाताई उठून आत गेल्या. त्यांना तिथं रडायचं नव्हतं. गोजरवहिनींनी उरलेली वाटी ओढली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.

यात चमत्कार नाही. माडग्यावरून मऊ भात, भातावरून कुस्करलेली भाकरी, असं महिनोन्‌महिने चाललं. एकदा पोटात दुखलं, तेव्हा हिंदुरावांनी भर स्टँडवर ओरडून सांगितलं. दवाखान्यात नेलं, गॅस निघाला. मी त्याची बातमी द्यायला निघालो होतो, वहिनींनी देऊ दिली नाही. आणि मास्तर? मास्तर परत आले नाहीत. त्यांची दोन मुलं आहेत. एवढं सगळं झाल्यावरही तो हिशेब कुठंच जुळत नाही, आणि मी तो जुळवून दाखवणार नाही.

मात्र एक गोष्ट राहिली होती. चार माणसांत, पंगतीत, हिंदुराव आजवर बसले नाहीत. काल मला म्हणाले, "उद्या बसतो. भ्या वाटंल, पन बसतो."

म्हणून माझी या सभागृहाला विनंती आहे. आग्रह या शब्दातला धातू 'ग्रह्', म्हणजे पकडणे. निग्रहातही तोच, ग्रहणातही तोच. आपल्याकडे पाहुण्याला बुंदीनं पकडून ठेवतात. आज पकडू नका. त्यांच्या पानात दोन घास असतील, ते दोनच असतील. "एवढंच?" म्हणू नका. "कंट्रोलर, पूर्वी कसं..." म्हणू नका. त्यांच्या पानाकडे बघूही नका. बघायचंच असेल तर रावजीआप्पांच्या पानाकडे बघा, तिथं बघण्यासारखं पुष्कळ असेल. तिसऱ्या रांगेत करुणाताई बसल्या आहेत. हिंदुरावांना त्या वाढणार आहेत, दुसरं कुणी नाही.

आणि हिंदुराव, तुम्हाला एवढंच. सावकाश जेवा. पोट भरलं की थांबा. पण जेवताना कुठं काही हललं, टोचलं, भीती वाटली, तर लाजू नका. फलाट क्रमांक दोनच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. आम्ही गाडी थांबवू.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, व्यवस्थापक साहेबांनी घड्याळ दोनदाच दाखवलं, आणि गोजरवहिनी व करुणाताई या दोघींनी त्यांचं घरचं दुःख इथं मांडायची मुभा दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कुठं मीठ जास्त पडलं असेल, कुणाच्या ताटात नको ते वाढलं गेलं असेल, तर बाजूला काढून ठेवा, आणि मला क्षमा करा. पानं मांडली गेली आहेत.

सावकाश होऊ द्या.